संतूरला भोंगा चालत नाही

माझा डावा कान लग्नांनी खाल्ला आणि उजवा पुढाऱ्यांनी. डॉक्टरांनी कागदावर ‘वयोमानानुसार’ एवढंच लिहिलं. पण तीस-बत्तीस वर्षं माणूस भोंग्याच्या बुडाशी बसला, त्यात वयाचा काय दोष?

परभणीत स्टेशन रोडच्या आतल्या बाजूला माझं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. आता भाचा बघतो. त्याच्याकडे माणसाएवढे खोके आहेत. ते वाजायला लागले की छातीत धडधड होते आणि मी दार लावून घेतो. तो म्हणतो, “मामा, तुमच्या टायमाला असं न्हवतं.” नव्हतंच. आमच्या टायमाला लोकांना ऐकू यावं म्हणून वाजवायचे.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. माईकमधला बारीक आवाज जी पेटी मोठा करते तिला आम्ही मशीन म्हणतो. मशीनमधून तो भोंग्यात जातो. भोंगा म्हणजे पत्र्याचा कर्णा. झाडावर बांधला की कोसभर ऐकू जातो, पण नवरी, नवरदेव आणि सनई सगळे एकाच नाकातून बोलल्यासारखे वाटतात. दुसरा तो खोका, लाकडी पेटीतला स्पीकर. त्याचा आवाज लांब जात नाही, पण माणसाचा आवाज माणसासारखा येतो. माईक आणि भोंगा समोरासमोर आले की शिट्टी बसते. लोक मशीनवाल्याकडे बघतात ते शिट्टी बसल्यावरच. एरवी तो असून नसल्यासारखा.

गिऱ्हाईकं तऱ्हेतऱ्हेची भेटली. झरीकडच्या एका लग्नात वरबापानं चारही भोंगे एकाच दिशेला बांधायला लावले. मांडवात कुणाला काही ऐकू येईना. विचारलं तर म्हणाला, “तिकडं माजा चुलतभाऊ राहतोय. त्याला बोलवलं न्हाई. पर त्याला कळाया पायजे.” सेलूला एका पुढाऱ्यानं मशीन बंद असताना अर्धा तास भाषण केलं. कुणी सांगितलं नाही, मीही नाही. टाळ्या मात्र वेळेवर पडल्या.

असल्या गोष्टी सांगत बसलो तर पानं भरतील. पण संपादकांनी ‘मनात राहिलेलं गिऱ्हाईक’ लिहा म्हटलं आणि मला ती इराणी पोरं आठवली. त्यांच्याआधी एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर माझ्या हातून पुढं जे झालं ते तुम्हाला कळणार नाही.

आम्ही बौद्ध. माझ्या वडिलांनी छप्पन्न सालानंतर घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात मी एका गावात बौद्धवाड्यात वर्षावासाच्या ग्रंथवाचनाला मशीन लावलं होतं. गावाचं नाव सांगत नाही, तिथं आजही माझे पाहुणे राहतात. औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव नुकताच झाला होता आणि सगळा मराठवाडा पेटला होता. दुपारी वाचन चालू असताना पंधरा-वीस माणसं आली. त्यांतला एक ओळखीचा होता, त्याच्या बहिणीच्या लग्नाला मीच मशीन लावलं होतं. तो म्हणाला, “रंगनाथ, काढ ते खाली.” मी माझ्या हातानं वायरी सोडल्या, माझ्या हातानं मशीन उचलून त्यांच्याकडे दिलं. त्यांनी ते विहिरीत टाकलं. मागोमाग दोन्ही भोंगे. पुढच्या दोन घरांना काय झालं ते इथं लिहीत नाही. माझ्या अंगाला कुणी हात लावला नाही, म्हणून लोक म्हणाले, सुटलास. पण त्या दिवसापासून कार्यक्रमात चार माणसं एकदम उठून उभी राहिली की माझा हात आपोआप मशीनच्या बटनाकडे जायचा.

पुढं दोन-अडीच वर्षांनी मुनशीजी दुकानात आले. मुनशी करीमोद्दीन तहसीलच्या दप्तरखान्यातून निवृत्त झालेले. निजामाच्या काळात ते उस्तादाकडे बसून फारसी शिकले होते. जुने कागद वाचायचं काम पडलं की कलेक्टरसुद्धा त्यांना बोलवायचा. पण जन्मानं फारसी बोलणारा माणूस त्यांनी साठाव्या वर्षापर्यंत पाहिला नव्हता. मग कृषी महाविद्यालयात इराणची पोरं शिकायला आली आणि त्यांतली पाच मुनशीजींच्या माडीवर भाड्यानं राहिली. पहिल्या दिवशी मुनशीजींनी त्यांच्याशी फारसी सुरू केली तर पोरं हसून लोळायला लागली. मुनशीजी मला म्हणाले, “बोले, चाचा, आप तो बादशाह के हुकूमनामे जैसा बोलते!” हे सांगताना त्यांना कोण आनंद झालेला.

“रंगनाथ, एक जलसा हाय,” मुनशीजी म्हणाले. “हमारे आंगन में. नौरोज का. उनका नवं वर्ष. पन्नास-साठ लोकां आते बोलरे.”

पोरं आली तेव्हा त्यांच्या देशात राजा होता. ती इथं मातीचे नमुने तपासत असताना तिकडं राज्य उलथलं, मग शेजारच्या देशाशी लढाई लागली. पत्रं येईनात. घरी जावं तर बंदूक हातात देतील, न जावं तर आई एकटी. पुण्या-हैदराबादेत शिकणारे इराणी एकमेकांत गट करून भांडायला लागले होते. परभणीला दोन्हीकडच्या गाड्या येतात आणि इथं भांडायला कुणी ओळखीचं नाही, म्हणून नौरोज इथं करायचं ठरलं.

मार्चातला रविवार. दुपारचा कार्यक्रम, कारण पाहुण्यांना संध्याकाळच्या गाड्या गाठायच्या होत्या. अंगणात लिंबाखाली सतरंज्या. एका मेजावर त्यांच्या भाषेत ‘स’नं सुरू होणाऱ्या सात वस्तू मांडल्या होत्या. सिरका, सफरचंद, लसूण, ताटलीत उगवलेले गव्हाचे हिरवे कोंब. एक फळ इथं मिळेना, तर त्याच्या जागी बोरं ठेवली. मुनशीजींच्या बीबीनं विचारलं, “बोर तो ‘ब’ से आता ना?” एक पोरगा म्हणाला, “चाचीजान, आज उसकू मुआफ करो.”

हा म्हणजे हमीद. उंच, बारीक कातरलेली दाढी, कीटकशास्त्र शिकणारा, पोरांचा म्होरक्या. त्याची हिंदी परभणीच्या बाजारात शिकलेली, त्यामुळं इराणी माणूस ‘नक्को’ आणि ‘कायकू’ म्हणायचा. मला तो ‘रंगनाथ आगा’ म्हणे. आगा म्हणजे साहेब. मला तोपर्यंत साहेब कुणी म्हटलं नव्हतं.

पुण्याचा गाणारा आला नाही. गाडी चुकली म्हणे. लोक जमलेले, माईक लावलेला, आणि गायला कुणी नाही. हमीद थोडा वेळ येरझाऱ्या घालत राहिला, मग सायकल घेऊन गेला आणि एका पोराला घेऊन आला. किडकिडीत, डोळ्यांवर जाड चष्मा, काखेत कापडात गुंडाळलेली पेटी. त्याचं नाव कामरान. तो पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत एकटाच राहायचा. हमीद आणि तो दोघेही शिराज शहरातले आणि आधी मुनशीजींच्याच माडीवर एका खोलीत राहत होते, हे मला नंतर कळलं.

त्यानं कापड सोडलं. चापट लाकडी पेटी, वर तारांचं दाट रान. त्याला संतूर म्हणतात. दोन हलक्या काड्यांनी ते वाजवतात. मी सवयीनं भोंगा जोडला होता. त्यानं दोन सूर मारले आणि गच्चीवरून ताटं-वाट्या घरंगळल्यासारखा आवाज आला. तो कळवळला. मी भोंग्याची वायर काढली, दोन खोके जोडले, माईकला पंचा गुंडाळून पेटीच्या पोटाखाली सरकवला. त्यानं परत सूर मारला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. शिट्टी बसलेली नसताना कुणीतरी माझ्याकडे बघितलं, अशी ती पहिली वेळ.

कामरान वाजवू लागला. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण समोरची माणसं बघत होतो. विहिरीत पोहरा सोडल्यावर दोर सरसर जातो तशी ती सगळी आत कुठंतरी चालली होती. एक मुलगी तोंडात ओढणीचं टोक धरून रडत होती. इतक्यात मागच्या बाजूला चौघेजण उठून उभे राहिले. हैदराबादहून आलेले. त्यांनी हमीदला बाजूला घेतलं, हातवारे झाले. हमीद माझ्याजवळ येऊन वाकला.

“आगा, आवाज बंद करो.”

“कावून?”

“ये लोग बोलरे, उसका बजाना नहीं सुनेंगे. वो हमारे में का नहीं. बहाई है. उनका मजहब दूसरा.” त्याच्या कपाळावर घाम होता. “मेरे नाम का कागद ऊपर सरकार में जाएगा. जल्दी करो.”

ती चार माणसं तशीच उभी होती. माझा हात बटनाकडे गेलेलाच होता. मी एकदम बंद केलं नाही, हळूहळू उतरवत नेलं, करंट कमी झाल्यासारखं. कामराननं एकदा खोक्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. थोडा वेळ तसाच वाजवत राहिला. मागच्यांना ऐकू येईना, ते बोलायला लागले. मग त्यानं काड्या खाली ठेवल्या.

मी माईकवर जाऊन सांगितलं, “मशीन में बिघाड हो गया.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कामरान दुकानात हजर. हातात स्क्रू ड्रायव्हर. तो शेतीच्या यंत्रांचं शिकत होता. म्हणाला, “आगा, मैं देखता. शायद मेरे संतूर के माईक से बिगड़ा होगा.”

मी नको म्हणू शकलो नाही. त्यानं मशीन उघडलं, एकेक जोड तपासला, चालू करून पाहिलं, परत उघडलं. तासभर खपला. मी समोर बसून वायर गुंडाळत होतो. शेवटी त्यानं चष्मा काढून पुसला.

“बिगाड मशीन में नहीं था ना?”

मी गुंडाळलेली वायर खाली ठेवली.

“हमीद बोला?”

“हाव.”

त्यानं मशीनचं झाकण बसवलं, चारही स्क्रू नीट पिळले. मग मी आपण होऊन विहिरीची गोष्ट सांगितली. का सांगितली कोण जाणे. आपली चूक का झाली ते समोरच्याला कळावं असं वाटतं माणसाला. आम्ही कोण, वडिलांनी देव कसे सोडले, गावानं काय केलं, सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, अगदी हळू. राग असता तर बरं झालं असतं.

“तुमकू सब मालूम था. फिर भी?”

त्यानं स्क्रू ड्रायव्हर खिशात घातला आणि गेला.

तो पुन्हा येणार नाही असं वाटलं होतं. पण आला. एकट्या माणसाला बसायला जागा लागते. संध्याकाळी यायचा, बिघडलेले माईक दुरुस्त करायचा. माझी बायको सुभद्रा त्याच्यासाठी जेवण ठेवायची. त्याला हिरव्या मिरचीचा ठेचा झेपायचा नाही, तर ती दह्यात कालवून द्यायची. सुभद्रानं एकदा त्याला विचारलं, “तुमचा देव कोणचा रं बाबा?” तो म्हणाला, “देव सगळ्यांचा एकच, मावशी.” सुभद्रा म्हणाली, “मंग भांडण कशाचं लागलंय?” तो हसला. त्याचे वडील शाळामास्तर होते. बहाई धर्म इराणातच निघालेला, पण तिकडचं नवं राज्य त्याला धर्म मानत नव्हतं. त्यापायी आधी त्यांची नोकरी गेली, मग त्यांना तुरुंगात टाकलं होतं.

पासपोर्टची मुदत संपत आली तेव्हा त्यानं मला एक फॉर्म दाखवला. त्यात धर्माचा रकाना होता. खरं लिहिलं तर पासपोर्ट वाढवून मिळत नव्हता, खोटं लिहिलं तर मिळत होता.

मी म्हटलं, “लिहून टाक बाबा. कागदाला काय कळतंय? माझ्या धाकट्या भावानं रेल्वेच्या नोकरीसाठी कागदावर बौद्ध लिहिलं न्हाई, हिंदू लिहिलं. बौद्धाला सवलत न्हवती, त्याला मिळाली. आज सुखात हाय.”

“और तुम्हारे वालिद?”

वडील त्या दिवसापासून मरेपर्यंत धाकट्याशी बोलले नव्हते. ते मी सांगितलं नाही, पण माझ्या तोंडावर दिसलं असावं. कामराननं फॉर्मची घडी करून खिशात ठेवली. तो त्यानं कधीच भरला नाही.

त्याच हिवाळ्यात त्याला दोन ओळींचं पत्र आलं. वडिलांना फाशी दिलं होतं. तो दुकानात आला, नेहमीच्या स्टुलावर बसला आणि एक माईक उघडून जोडत राहिला. जोडून झाला की पुन्हा उघडायचा. सुभद्रानं चूल विझवली, त्या दिवशी आमच्याकडे कुणी जेवलं नाही.

महिन्याभरात मुनशीजींच्या घरी तार आली. हमीदचा धाकटा भाऊ लढाईत मारला गेला होता. एकोणीस वर्षांचा.

मुनशीजी मला म्हणाले, “रंगनाथ, एक गिरणी के ऊपर रोरा, एक मेरी माडी पर रोरा. दोनों का गांव एक. बीच में पाव मैल का रस्ता हाय, और कोई चलना नक्को बोलता.”

मग मुनशीजीच चालले. त्यांच्या गुडघ्यात वात होता, तरी गिरणीचा जिना चढले. कामरानला घेऊन परत आले आणि हमीदच्या समोर बसवलं. मी तिथं नव्हतो, मुनशीजींनी सांगितलं ते लिहितो. मग हमीदनं विचारलं, “शिराजमध्ये आया पोरांना झोपवताना एक अंगाई म्हणतात, ती तुला वाजवता येते? माझ्या भावाला तिच्याशिवाय झोप यायची नाही.” कामरान म्हणाला, “माझी आईही तीच म्हणायची.” मुनशीजींची फारसी म्हणजे दस्तऐवजाची, त्यांना अंगाईचे शब्द कळले नाहीत. पण दोघं ती पुटपुटायला लागले तसे ते उठून बाहेर आले.

पुन्हा मार्च आला. या वर्षी नौरोज नकोच असं काही पोरं म्हणत होती. हमीद म्हणाला, होईल, आणि कामरान आधी वाजवेल. मी मुनशीजींना म्हटलं, “गडबड व्हईल.” ते म्हणाले, “होईंगी. तू मशीन लाता के दुसरे कू बोलू?”

मी मशीन नेलं. निघण्याआधी तीच वायर तीनदा सोडून पुन्हा गुंडाळली. सुभद्रा म्हणाली, “एवढं भ्या वाटतंय तर जाऊ नका.” मी म्हटलं, “भ्या वाटतंय म्हणूनच जायलोय.”

या वेळी मी मशीनला टेपही जोडला होता. कामरानसाठी एक कॅसेट भरून घ्यावी एवढाच विचार. लोक गेल्या वर्षीपेक्षा जास्त आलेले. कामरान बसला, मी माईकला पंचा गुंडाळला. हमीद पाहुण्यांत बसला नाही, माझ्याजवळ येऊन मशीनला पाठ लावून उभा राहिला. कामराननं सुरुवात केली आणि पाच मिनिटांत मागची माणसं उठली. तीच, आणि या वेळी आणखी काही. ती आमच्याकडे आली. हमीद त्यांच्याशी फारसीत बोलला, आवाज न चढवता. मुनशीजींनी मला कानात सांगितलं, “बोलरा, इसका बाप वापस नहीं आता, मेरा भाई वापस नहीं आता. जिसकू जाना है उसकू चार की गाडी है.”

त्यांतला एकजण माझ्या मशीनकडे आला. माझा हात बटनावर होता. सवयीनंच गेला होता. मी हात तिथंच ठेवला आणि आवाज थोडा वाढवला. फार नाही, खोके फाटतील एवढा नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. हमीदनं त्याच्या छातीवर तळवा ठेवला, ढकललं नाही, नुसता ठेवला. तो मागं फिरला.

अकराजण निघून गेले. अंगणाचं दार आपटलं. कामरान थांबला नव्हता. मग मी एक काम केलं, त्याचा मला पश्चात्ताप नाही. गच्चीवर चढलो, सवयीनं सोबत आणलेला भोंगा स्टेशनच्या रस्त्याकडे फिरवला आणि जोडला. संतूरला भोंगा चालत नाही, हे मला त्या परभणीत सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. पण झरीच्या वरबापाचं म्हणणं त्या दिवशी पटलं. कळायला पाहिजे. स्टेशनपर्यंत ताटं-वाट्या घरंगळत गेल्या असतील. खाली आलो तर हमीद हसत होता आणि त्याच वेळी रडत होता.

मला वाटलं होतं, एखादा तरी परत येईल. कुणी आलं नाही.

शेवटी कामराननं ती अंगाई वाजवली. तेव्हा मात्र मी भोंगा बंद केला.

त्या दिवसाची किंमत हमीदला मोजावी लागली. त्याच्याविरुद्ध खरंच कुणीतरी लिहून पाठवलं. त्याची शिष्यवृत्ती थांबली, पदवी हातात पडल्याबरोबर त्याला माघारी जावं लागलं. जाताना त्यानं कॅसेट मागितली. मी तिच्यावर मराठीत ‘भात पिकावरील किडी’ असं लिहून दिलं. तिकडं कुणी तपासली तर शेतीची भाषणं समजतील. स्टेशनवर मुनशीजी होते, मी होतो, कामरान होता. दोघांनी मिठी मारली आणि शिट्टी होईपर्यंत सोडली नाही. पत्र लिहायचं नाही असं त्यांनी आपसात ठरवलं होतं. कामरानच्या नावाचं पाकीट हमीदच्या घरी सापडलं असतं तर हमीदचं काही खरं नव्हतं.

कामरानला पुढं निर्वासित म्हणून कॅनडानं घेतलं. तिथून त्याची पत्रं माझ्या दुकानाच्या पत्त्यावर यायची, मुनशीजी वाचून दाखवायचे. तिथं इराण्यांचे मोठे हॉल भरतात, तो वाजवतो, लोक तिकिटं काढून रडायला येतात, असं लिहायचा. मुसलमान, बहाई, ख्रिस्ती, यहुदी सगळे एका रांगेत बसतात. घर गेल्यावर बसतात, असंही त्यानं लिहिलं होतं.

मुनशीजी नामांतराच्या निकालाच्या आदल्या वर्षी गेले. मशिदीतल्या मौलवीसाहेबांकडून उर्दूत लिहून घेऊन मी दोघांनाही पत्र टाकलं. हमीदचा शिराजचा पत्ता मुनशीजींच्या वहीत होता. उत्तराची आशा नव्हती, पण आलं. फारसीत. परभणीत ती वाचणारा माणूस आम्ही नुकताच मातीत ठेवला होता. शेवटी त्याच मौलवीसाहेबांनी अडखळत वाचून दाखवलं.

मुनशीजींसाठी हमीदनं दुवा मागितली होती. मग लिहिलं होतं: “आगा, ती किडींची कॅसेट माझ्या आईला फार आवडली. तिनं विचारलं, अंगाई वाजवणारा हा कोण? मी खरं ते सगळं सांगितलं, त्याचा धर्मही. माझी आई नमाजी बाई. मला वाटलं, ती कॅसेट बंद करायला सांगेल. ती म्हणाली, त्या पोराच्या आईला आता कोण बघतं? मी म्हटलं, कुणी नाही, लोक तिच्या दारासमोरून जायला भितात. पुढच्या गुरुवारी आईनं भाकरी भाजल्या, काळी चादर ओढली आणि एकटीच बाहेर पडली. तेव्हापासून दर गुरुवारी जाते. तिकडं आपलं नाव सांगत नाही. मी इथून लिहू शकत नाही. जमलं तर तुम्ही संतूरवाल्याला कळवा.”

मी कळवलं. कामरानला मराठी वाचता येत नव्हती आणि मला फारसी लिहिता. मौलवीसाहेबांकडून उर्दूत लिहून घेतलं, ती त्याला कळायची.

त्याचं उत्तर यायला तीन महिने लागले. तेव्हा चौऱ्याण्णवचा जानेवारी उलटून गेला होता. विद्यापीठाच्या नावाचा निकाल सोळा वर्षांनी लागला होता, वस्त्यांवस्त्यांत कार्यक्रम चालू होते आणि मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. पाकीट दोन दिवस गल्ल्यावर पडून राहिलं. मग एका दुपारी ते घेऊन मौलवीसाहेबांकडे गेलो.

त्यानं लिहिलं होतं: “आई कितीतरी वर्षं लिहायची, गुरुवारी एक बाई येते, भाकरी ठेवते, थोडा वेळ बसते आणि जाते. कोण आहे ते सांगत नाही. तुमचं पत्र आल्यावर मी आईला लिहिलं, ती हमीदची आई आहे. आईचं उत्तर आलं, मला पहिल्याच गुरुवारी कळलं होतं. तिच्या लढाईत गेलेल्या मुलाचा फोटो आमच्या गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर लावलेला आहे, मायलेकांचा चेहरा एक आहे. पण तिला सांगायचं नव्हतं, म्हणून मी विचारलं नाही.”